काचेच्या कपाटातलं लुगडं

१. घासकाम

दसऱ्याच्या आदल्या सकाळी देवाजींनी विहारातलं काचेचं कपाट उघडलं आणि आतलं लुगडं बाहेर काढता काढता हात तसाच थांबवला.

लुगडं अंजनाबाईंचं होतं. छप्पन साली दीक्षेला जाताना त्या हेच पांढरं लुगडं नेसून गेल्या होत्या. तेव्हापासून ते पत्र्याच्या पेटीत होतं. आता त्र्याहत्तर साल उजाडलं होतं, वस्तीतली पोरं दीक्षेनंतर जन्मलेली. त्यांना ते दिसावं म्हणून या दसऱ्याला कपाटात मांडायचं ठरलं. गोविंदा सुताराने कपाट केलं, लकडगंजातल्या सिंधूताईंच्या दुकानाने पॉलिश केलं. दोघंही वस्तीतलेच, काम विहाराचं, म्हणून मजुरीचा विषयच निघाला नाही.

आणि आज त्या लुगड्याच्या घडीच्या खालच्या अंगाला पिवळट तपकिरी डाग पसरला होता. पदराच्या टोकाशी तळहाताएवढा एक वेगळा ठिपका होता, लालसर.

विहार सजवायला माणसं जमली होती. त्यांच्यातल्या एकेकाची नजर फिरत फिरत दाराशी उभ्या असलेल्या लहानूच्या हातांवर गेली. लहानू सिंधूताईंच्या दुकानातला जुना पॉलिशवाला. गेरू, पिवडी, लाख कालवून कालवून त्याची नखं कायमची रंगलेली. काल दुपारी कपाटाच्या दारांवर शेवटचा हात फिरवायला तोच आला होता आणि किल्ली त्याच्याकडे होती.

लहानूने हात पाठीमागे घेतले. घ्यायला नको होते.

"लहानू," सिंधूताई म्हणाल्या, "उद्यापासून दुकानात नको येऊ."

अजून डागाकडे कोणी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. देवाजींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

लहानूने आवाज चढवला नाही. "मी लुगड्याले हात नाही लावला," तो म्हणाला. "बाकी ताईले ठाऊक आहे."

लोकांना वाटलं, माणूस आपल्या मालकिणीची साक्ष काढतो आहे.


२. भरण

देवाजी गिरणीतून निवृत्त झालेले, विहाराचे अध्यक्ष. त्यांनी लुगडं वर्तमानपत्रात गुंडाळून सिंधूताईंच्या हातात दिलं.

"तुमाले रंगातलं समजते. डाग कशाचा, कोणाच्या हातचा, ते शोधा. उद्या वंदना झाली की मी सगळ्यांपुढे सांगीन. लहानूचा दोष निघाला तर तो पुन्हा या दारात येणार नाही. अन् नसन, तर तेही सांगीन."

"मीच काहून?"

"माणूस तुमचा आहे म्हणून."

सिंधूताईंना नाही म्हणता येईना. नवरा गेल्यावर त्यांनी दुकान चालवलं होतं, लाकडावर नुसतं नख ओढून आत काय आहे ते सांगत होत्या. विहाराच्या महिला मंडळात त्यांचा शब्द चालत होता. त्यांनी विचारायचं ते विचारलं.

किल्ली देवाजींच्या घरी खिळ्याला असायची. लुगडं परवा अंजनाबाईंनी स्वतः ठेवलं, तेव्हा ते स्वच्छ होतं. काल सकाळी गोविंदा सुताराने किल्ली नेली, एका दाराची बिजागरी करकरत होती म्हणून. दुपारी लहानूने नेली. आणि दिवेलागणीच्या आधी पुष्पलताने, म्हणजे अंजनाबाईंच्या सुनेने. ती शाळेत शिकवायची. घडी एकदा नीट करते, असं सांगून तिने किल्ली घेतली होती.

"मास्तरीणबाई सासूच्या लुगड्याले डाग लावन का?" देवाजी म्हणाले. "सुतारकामात तर रंगच नसते. राहिला कोण?"

राहिला लहानू. त्याच्या घरी बायकोने भांडी पोत्यात भरायला काढली होती. तिचा भाऊ कन्हानला खाणीत होता, तिकडे जायचं म्हणत होती. ज्या विहाराच्या विटा नवऱ्याने डोक्यावर वाहिल्या, तिथे तोंड लपवून बसायची तिची तयारी नव्हती.


३. आतली बाजू

हा भाग सध्या सोडला आहे. समोरून पाहणाऱ्याला काही कमी वाटणार नाही.


४. रंग

दुकानाच्या मागच्या अंगणात ऊन होतं. सिंधूताईंनी खाटेवर लुगडं पसरलं आणि काम सुरू केलं. काम सुरू केलं की त्यांना बरं वाटायचं, बाकीचं मागे पडायचं.

त्यांनी डाग दोन बोटांत चुरगळला. कापड मऊ होतं. लाख लागलेलं कापड पापडासारखं कडक होतं. म्हणजे डाग पॉलिशचा नव्हता.

त्यांनी तो अंगठ्याने घासला. गेरू म्हणजे शेवटी मातीच, बोटाला कण लागले असते. लागले नाहीत. म्हणजे दुकानातला रंगही नव्हता.

मग त्यांनी लुगडं उन्हासमोर धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. डागात रेषा होत्या. बारीक, सरळ, शेजारी शेजारी, मधे एखादी वळून पुन्हा सरळ झालेली. हाताचा डाग असा नसतो. हाताला रेषा असतात, पण हातभर लांब नसतात. ही लाकडाची नस होती. फळीने आपला ठसा कापडावर उमटवला होता.

सिंधूताईंनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, डागाची एक कड त्यात बुडवली, पिळली. पाणी चहासारखं झालं. त्यांनी पेला उन्हात फिरवला. एका बाजूने पाणी पिवळं दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूने कडेला निळी झाक मारत होतं, मोराच्या पिसासारखी.

असा दुरंगी रंग एकच लाकूड सोडतं, आणि ते सागवान नव्हे. सागवानाचं म्हणून उभं असलेल्या त्या कपाटात कुठेतरी बिजा होता.

राहिला लाल ठिपका. शेजारणीने डोकावून विचारलं, "काय करून राहिल्या वं ताई, लोणचं टाकता का?" कारण सिंधूताई लिंबू कापत होत्या. त्यांनी लालसर ठिपक्यावर दोन थेंब पिळले. थेंब पडले तिथे लाल रंग मागे हटला आणि पिवळा झाला. चक्क हळदपिवळा.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. भाजीचा हात पदराला पुसून तो पदर कधी धुतलेल्या कोणत्याही बाईला हे माहीत असतं.

म्हणजे लुगडं कोणीतरी साबणाने धुतलं होतं. ओलंच घडी करून परत ठेवलं होतं; रात्रभरात ते वरून सुकलं होतं. ओल्या कापडाने खालच्या फळीचा रंग ओढून घेतला होता.

लहानूचा यात कुठेच हात नव्हता. इतकं कळायला सिंधूताईंना अर्धी सकाळ पुरली. खरं तर त्यांना इतकाही वेळ लागायला नको होता. ओल्या कपड्याखाली लाख पांढरी पडते, पॉलिशच्या टेबलावर गार पाण्याचा तांब्या ठेवला की उमटतं तसं पांढरं वर्तुळ. सकाळी कपाट उघडलं तेव्हा त्यांनी लुगड्याआधी फळीकडे पाहिलं होतं. फळीवर पांढरं काही नव्हतं.

ते आठवलं तसं त्यांनी पेल्यातलं पाणी तुळशीच्या जुन्या डब्यात ओतून दिलं आणि चपला पायांत घातल्या.


५. पहिला हात

गोविंदा रंधा मारत होता.

"या, जमादार," तो म्हणाला. "टोपी विसरल्या का घरी?"

"गोविंदाभाऊ, मधली फळी कशाची आहे?"

रंधा थांबला. "बिजाची."

"सागवानाचं कपाट म्हणून सांगतलं होतं विहारात."

"सागवान कमी पडलं. देणाऱ्यानं दिलं तितकं दिलं. मग माझ्याजवळ बिजाची चांगली वाळलेली फळी होती, ती टाकली. माझ्या घरची. बिजा काही खोकड लाकूड आहे का? ढोलकी होते त्याची. साखरेच्या रोग्याले त्याच्या पेल्यातलं पाणी पाजतात."

"मग लपवलं काहून?"

"लपवलं?" गोविंदाने रंधा बाजूला ठेवला. "मी लपवलं? सिंधूताई, तुमच्या दुकानात कपाट पोचवलं त्या दिवशी मी तुमाले…"

"बस," सिंधूताई म्हणाल्या. "समजलं मले."

"काय समजलं?"

"समजलं म्हणते ना."

गोविंदाने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून फळीवरचा भुसा फुंकून उडवला, जिथे उडवण्यासारखा भुसा नव्हता तिथलाही.

"तुमची मर्जी," तो म्हणाला.


६. दुसरा हात

पुष्पलता शाळेच्या व्हरांड्यात भेटली. सिंधूताईंनी हातातलं लिंबू तिच्यापुढे धरलं. आणखी काही बोलावं लागलं नाही. तिने ओठ दाबून धरले आणि खांबाकडे तोंड केलं.

"पदरावर हळद होती, ताई. उद्या सगळी वस्ती बघणार. दीक्षेच्या लुगड्यावर हळद! लोक काय म्हणतील? की ही बाई तिकडे शपथ घेऊन आली आणि घरी येऊन पुन्हा पूजाच मांडली. मी शाळेत मुलांना सांगते जुनं सगळं सोडलं म्हणून. मला लाज वाटली."

"सासूले विचारलं?"

"त्या म्हणाल्या होत्या, याला पाणी लावायचं नाही. मी विचारलं असतं तर नाहीच म्हणाल्या असत्या. आत्याबाई शेजारी गेल्या तेवढ्यात घरी आणून धुतलं. आधी डाग पिवळा होता, साबण लावल्यावर लाल झाला. आणखी लावला, आणखी लाल. मग बाहेर माणसं तोरण बांधायला आली, मी घाबरून पिळलं आणि तसंच नेऊन ठेवलं." तिचा आवाज अगदी खाली गेला. "सकाळी सगळे लहानूभाऊंच्या हातांकडे बघत होते. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी पण बघितलं त्यांच्या हातांकडे."

सिंधूताईंना तिला चार शब्द सुनवायचे होते. ते जिभेवर आलेही होते.

"मीबी पाहिलं," त्या म्हणाल्या.

"आत्याबाईंना सांगाल?"

"उद्या वंदनेले ये."

घरी येताना सिंधूताई मनात जुळवणी करत होत्या. सून धुते, सुतार बिजाची फळी टाकतो, लुगडं डागाळतं. लहानू सुटतो. सगळं खरं आहे. यात खोटा शब्द एकही नाही. उद्या इतकंच सांगितलं तर कोणी पुढचा प्रश्न विचारणार नाही. गोविंदा बोलणार नाही, 'तुमची मर्जी' म्हणून तो मोकळा झाला. आणि लहानू आज सकाळी बोलला नाही, तो उद्याही बोलणार नाही.

हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या भरवशावरच तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर काढलं होतं.


३. आतली बाजू

गेल्या पंधरवड्यातली दुपार. दुकानात दोन कपाटं शेजारी शेजारी उभी आहेत. एक विहाराचं, दुसरं एका शेटच्या घरचं. विहाराच्या कपाटाची दारं इतकी लखलखतात की लहानूला त्यात आपली टोपी दिसते.

लहानू विचारतो, "ताई, याले आतून?"

"आतून राहू दे तसंच. लाखेचा चपडा बाहेर मार."

"गोविंदाभाऊ सांगून गेले ना, फळी बिजाची आहे म्हणून. आतून लाखेनं बंद करा, नाही तर पाणी लागलं की रंग सोडते."

"ऐकलं मी."

"शेटच्या कपाटाले आतून चार हात दिले आपण."

"शेटची बायको दार उघडून बोट फिरवून पाहते. विहारात आत कोण पाहते? शेटचं काम उद्या द्यायचं आहे, तू तिकडे लाग. हे काय, आपलंच काम आहे."

लहानू चपड्यात भिजवलेली कापडाची पोटली डब्यात ठेवतो, झाकण लावतो आणि शेटच्या कपाटाकडे वळतो.


७. शेवटचा हात

दसऱ्याची वंदना संपली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं तिथेच बसून राहिली. अंजनाबाई पुढे, शेजारी पुष्पलता. गोविंदा भिंतीला टेकून. लहानू अगदी दाराशी, चपलांजवळ.

सिंधूताई उठल्या. बोलायच्या आधी त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. दोन फडकी पाण्यात भिजवली, एक कपाटाच्या डोक्यावर घडी करून ठेवलं, दुसरं आतल्या मधल्या फळीवर.

"आता कपाट धुता का?" कोणीतरी म्हणालं. थोडे लोक हसले.

मग त्यांनी सांगितलं. कापड कडक का नव्हतं, डागात रेषा कशाच्या होत्या, पाण्यात निळं काय दिसलं. डागाची कड पुन्हा पाण्यात पिळून पेला त्यांनी सोबत आणला होता, तो माणसांमधून फिरला, प्रत्येकाने उजेडात धरून पाहिला. गोविंदा म्हणाला, "हो, फळी बिजाची आहे, माझ्या घरची." लिंबाचं सांगताना सिंधूताई थांबल्या. तेव्हा पुष्पलता आपणहून उभी राहिली आणि तिने वाक्य पुरं केलं. हळद पुसायला धुतलं. मी धुतलं.

अंजनाबाईंनी मान वर केली.

"काहून?"

"लोकांनी पूजेची हळद म्हटली असती, आत्याबाई."

"पूजेची?" म्हातारी सुनेकडे पाहत राहिली. "इतवारीतल्या गोदामाची हळद आहे ते. मी तिथं हळद भरायले जात होती, तुझा नवरा कडेवर होता तेव्हापासून. दीक्षेच्या आदल्या सांजेपर्यंत पोती भरली. किती घासले हात, नखातली काही गेली नाही. सकाळी पदर सावरला तर लागली. माझ्या कामाची होती ते. म्हणून पाणी नको लावू म्हटलं होतं. मले विचारलं असतं तर सांगतलं असतं ना वं."

पुष्पलता खाली बसली ती मान घालून.

देवाजींनी घसा साफ केला. "म्हणजे झालं असं. पाणी सुनेचं, लाकूड सुताराचं. दोघांचा हेतू वाईट नव्हता. लहानूचा दोष नाही, हे मी सगळ्यांपुढे सांगतो. सिंधूताईंनी मोठं…"

"थांबा, देवाजीभाऊ," सिंधूताई म्हणाल्या. "फडकी राहिली."

त्यांनी कपाटाच्या डोक्यावरचं फडकं उचललं. खाली चमकत्या पॉलिशवर दुधासारखा पांढरा चौकोन उमटला होता.

"लाखेवर पाणी राहिलं की असं होते. इथे लाख आहे. चांगली दहा हात मारली, सगळ्यांले दिसावी म्हणून."

मग आतलं फडकं उचललं. त्याची खालची बाजू पिवळी तपकिरी झाली होती. फळी नुसती ओली होती, काळपट, पाणी पिऊन बसलेली. पांढरं कुठेच नव्हतं.

"अन् इथे काहीच नाही. लाख असती तर लुगडं ओलं काय, गळतं ठेवलं असतं तरी डाग पडला नसता. गोविंदाभाऊनं मले सांगतलं होतं, आतून बंद करा. लहानूनं दोनदा विचारलं. मी नाही म्हणाली. त्याच दिवशी शेटच्या कपाटाले आतून चार हात मारले. विहाराच्या नाही मारले, कारण काम आपलंच होतं."

सिंधूताईंनी फडकं खाली ठेवलं.

"काल कपाट उघडलं तेव्हाच मले फळी दिसली. लहानूनं तोंड उघडायच्या आत मी त्याले काढलं. डाग त्याच्या हाताचा नाही, हे मले तेव्हाच ठाऊक होतं."

त्यांना वाटलं होतं, बोलून झालं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. समोरच्या बायका लुगड्याकडे पाहत होत्या, कपाटाकडे पाहत होत्या, सिंधूताईंकडे कोणी पाहत नव्हतं. काल लहानूने हात पाठीमागे का घेतले, ते त्यांना आता समजलं. त्यांचेही हात पाठीमागे गेले होते.

"लहानू," देवाजी म्हणाले, "पुढे ये गा. इथं बस."

"इथं ठीक आहे," लहानू म्हणाला.

अंजनाबाईंनी गुडघ्यावर हात टेकून उठत लुगडं उचललं, नाकाशी नेऊन वास घेतला.

"साबणाचाच वास येऊन राहिला. आधी वाळत टाका वं कोणी हे," त्या म्हणाल्या. "डागाचं मग पाहू."


८. कोपरा

लुगडं कपाटात परत गेलं नाही. अंजनाबाई म्हणाल्या, आधी कपाट धड करा.

ते धड करायला सिंधूताई स्वतः बसल्या, दिवसाउजेडी, विहाराची दारं उघडी ठेवून. डोक्यावरचा पांढरा चौकोन स्पिरिटच्या एका हाताने गेला, ते सोपं होतं. आतल्या फळीला आधी कोरडं होऊ दिलं, पॉलिश पेपरने घासलं, मग चपड्याचा पहिला हात. गुडघे टेकून, डोकं कपाटात घालून. येणारे जाणारे पाहून जात. एकदोघी "थकल्या का ताई" म्हणाल्या, आणि त्यात टोमणा होता की माया, ते आतून ओळखू येत नव्हतं.

पाचवा की सहावा हात चालू असताना दारात सावली पडली. लहानू. धुतलेला शर्ट, हातात पिशवी.

सिंधूताईंनी डोकं बाहेर काढलं. "दुकानात ये उद्यापासून."

"कन्हानले साळ्यानं सांगून ठेवलं आहे. जाऊन पाहतो."

"रागात चालला?"

"राग नाही." तो थोडा थांबला. "मी त्या सकाळी म्हटलं ना, ताईले ठाऊक आहे. मले वाटलं, तुमी तिथल्या तिथं सांगान. मी उभा राहिलो होतो तुमच्याकडे पाहत. ते एक दिवस उशिरा झालं."

सिंधूताईंच्या हातातली पोटली वाळत चालली होती. लहानूने पिशवी खाली ठेवली, जवळ आला, वाकला आणि सवयीने आतल्या फळीवरून एक बोट फिरवलं. शेवटपर्यंत.

"उजवा कोपरा राहिला," तो म्हणाला. "मागचा."

पिशवी उचलून तो रस्त्याकडे गेला.

तो कोपरा बाहेरून कोणालाच दिसला नसता. सिंधूताईंनी पोटली पुन्हा चपड्यात बुडवली आणि डोकं आत घातलं.